बेलतेल

मोहिद्दीन जमादार, सगळ्यांचे मिस्त्री, वयाने किती होते, हे जयपाल मगदूमांना ते गेल्यावर कळलं. सत्त्याहत्तर. म्हणजे आपल्याहून चांगले मोठे, आणि आपण त्यांना बरोबरीचे समजून बोलत राहिलो, या विचाराने जयपालअण्णा उगीचच ओशाळले. मिस्त्रींना भावंडं किती, शाळा कितवीपर्यंत झाली, सातारा सोडून ते मिरजेला परत का आले, यातलं काहीही अण्णांना धड सांगता आलं नसतं. ओळख दीड वर्षाची, आणि त्यातली निम्मी फोनवरची.

साताऱ्याला मातीसाठी अण्णा गेले तेव्हा सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे राहिले. नात्यातल्या कोणीतरी अदबीने विचारलं, "आपण कुठले?"

"सांगलीचा," अण्णा म्हणाले. एवढ्याने भागणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. शेवटी म्हणाले, "आम्ही दोघांनी मिळून एक गिटार केली होती."

त्या माणसाने अण्णांना बसायला खुर्ची आणून दिली.

जयपालअण्णांची सगळी नोकरी वीज मंडळात मीटर तपासण्यात गेली. घरोघरचे बंद पडलेले, पळणारे, अडणारे मीटर त्यांच्या टेबलावर यायचे. तांब्याची केसासारखी तार गुंडाळून कॉइल करणं, लोहचुंबक बसवणं, कथलाने डाग देणं या गोष्टी त्यांना डोळे मिटून जमत. जमत नव्हतं ते माणसांशी बोलणं. दुकानात गेले तरी आधी शेजारचं गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकत, आणि तेच आपल्याला चालेल का याचा विचार करत. निवृत्त झाल्यावर तर दूधवाल्याशी बोलायचं कामही त्यांची बायको गुणमाला यांनी आपल्याकडे घेतलं.

पुण्याला त्यांची नात प्रीती गिटार शिकत होती. एकदा फोनवर ती गमतीने म्हणाली, "आजोबा, इलेक्ट्रिक गिटारमध्ये तुमच्या मीटरसारखीच कॉइल असते. तुम्हीच करा ना मला एक." ती बोलून विसरून गेली. अण्णा विसरले नाहीत. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, जुन्या सामानातून तार काढली, आणि महिन्याभरात तारेचा कंप पकडणारे दोन पिकअप तयार केले. दांडी तयार मागवली. राहिलं अंगाचं लाकूड. लाकडातलं अण्णांना ओ की ठो कळत नव्हतं.

म्हणून ते मिरजेला गेले. सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत शिरले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. कुठल्याच दुकानात पाऊल टाकायचा धीर होईना. परत फिरले. तिसऱ्या फेरीला एका पायरीवर बसलेला, पांढऱ्या दाढीचा, जाड भिंगाचा माणूस म्हणाला, "पावणं, मगापासनं तिसऱ्यांदा चाललाय. काय हरवलंय का?"

"नाही. लाकूड पाहिजे होतं."

"मग लाकडाकडं बघा की. रस्त्याकडं बघून कसं गावंल?"

तेच मोहिद्दीन मिस्त्री. दुकान त्यांचं नव्हतं, पुतण्याचं होतं. हात थरथरायला लागल्यापासून ते आत काम करत नसत. पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करणं हे त्यांनी स्वतःच पत्करलेलं काम.

अण्णांनी पिशवीतून गिटारचं कागदावर काढलेलं चित्र दाखवलं. मिस्त्रींनी ते नाकाजवळ धरून पाहिलं.

"ह्याला पोट कुठाय?"

"पोट नसतं. भरीव असते. आवाज विजेवर."

"ठाऊक हाय, गंमत केली. पाचगणीच्या पोरांच्या असल्या लय गिटारी दुरुस्त केल्यात मी." आणि त्यांनी सांगितलं की उमेदीची सगळी वर्षं त्यांनी साताऱ्यात काढली. एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम, आणि आठवड्यातून एकदा एसटीने पाचगणीला. तिथल्या निवासी शाळांतून पोरांनी मोडलेली वाद्यं नीट करायची. व्हायोलिन, गिटार, पेटी, जे हाताला लागेल ते.

"म्हणजे तुम्हाला वाजवायलाही येत असेल."

"छ्या. वाजवायचं कशाला? मी तपासायचो. तार छेडायची, कान द्यायचा, खाली ठेवायची. आख्ख्या जन्मात एक गाणं वाजवलं न्हाई मी."

अण्णांना हा माणूस आवडला. त्यांनीही चाळीस वर्षं मीटर तपासले होते आणि एकही वापरला नव्हता, असं त्यांना बोलावंसं वाटलं, पण ते वाक्य जमून येईपर्यंत मिस्त्री उठून आत गेले होते. पुतण्याच्या कारागिराला माळ्यावर चढवून त्यांनी एक फळी खाली घेतली. तुनाची. सतारीला लागतं ते हलकं, तांबूस लाकूड. धूळ पुसली तशी आतली रेघ दिसली, नदीच्या पाण्यासारखी एका बाजूला वळलेली.

"आमच्या अब्बांनी ठेवलेली. म्हणले, तुझ्या शेवटच्या सतारीला वापर. आता शेवटची सतार माझ्या हातनं व्हतीय व्हय?" त्यांनी उजवा हात पुढे धरून दाखवला. बोटं थरथरत होती. "घेऊन जावा. चांगल्या कामाला लागंल."

अण्णा घेईनात. मिस्त्री ऐकेनात. शेवटी मिस्त्रींनीच तोडगा काढला. "असं करा, आमच्या घरचा लाईटचा मीटर लय पळतोय. त्यो बघा."

अण्णांनी मीटर पाहिला. मीटर ठीक होता, फ्रिजच्या दाराचं रबर गेलं होतं. रबर बदललं, वीज कमी जळू लागली, आणि मिस्त्री गल्लीभर सांगत सुटले की सांगलीच्या मगदूमांनी मीटरला वेसण घातली.

फळी घरी आली, पण अण्णांना करवत उचलवेना. लाकूड चुकलं तर दुसरं आणता येईल असं हे लाकूड नव्हतं. कापायच्या आधी ते तीन दिवस नुसते तिच्याभोवती फिरले. गुणमाला म्हणाल्या, "आवं, लग्नाच्या वेळी मला बघायला आला होता, तेव्हा सुद्धा इतकं बघितलं नव्हतं."

पण कापणं नीट झालं. घासणंही नीट झालं. रोज संध्याकाळी मिस्त्रींचा फोन यायचा. कुठल्या नंबरचा पॉलिश पेपर, कडेला हात कसा फिरवायचा, पाण्याचं बोट लावून उठलेली लव परत कशी घासायची, हे ते सांगायचे. पावसाळ्यात मिस्त्रींचा दमा वाढला आणि मुलगी समीना त्यांना साताऱ्याला आपल्याकडे घेऊन गेली. फोन मात्र चालूच राहिले.

गिटारचं अंग घासून तयार झालं त्या दिवशी अण्णांनी विचारलं, "आता वरून काय लावू?"

फोनवर खरखर होत होती. मिस्त्री म्हणाले, "चपडा लावू नगासा. सतारीला आमी लाखेचा चपडा लावतो खरं, पण त्याला हात बसावा लागतोय. तुमी बेलतेल लावा. चिंधीनं लावायचं, जरा दम धरायचा, पुसून घ्यायचं, वाळू द्यायचं. लागतंय काय? नुसता धीर."

"बेलतेल," अण्णा म्हणाले.

"व्हय, बेलतेल."

बेलतेल म्हणजे काय, हे विचारायचं अण्णांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण इतके दिवस हा माणूस आपल्याला शिकवतोय, आणि आपण एवढंही जाणत नाही असं दिसायला नको, म्हणून ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते सरळ आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात गेले. "बेलाचं तेल आहे का?"

"बिल्व तेल? आहे की. किती?"

"चार बाटल्या."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "घरात किती जणांचे कान दुखतात, काका?"

अण्णांना वाटलं हा थट्टा करतोय. थट्टेला उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी बाटल्या पिशवीत टाकल्या आणि ते बाहेर पडले. बाटलीवर बारीक अक्षरात तिळाचं तेल, बेल, आणि खाली 'कर्णरोगावर उपयुक्त' असं लिहिलं होतं. ते वाचायला अण्णांनी वाचायचा चष्मा लावला नव्हता.

तेल लावलं तशी लाकडाची रेघ काय उठून आली. अण्णा हरखले. चिंधीने पुसलं, गच्चीच्या खोलीत टांगून ठेवलं आणि सकाळी हात लावून पाहिला. हाताला तेल आलं. पावसाळी हवा, वाळायला वेळ लागणार, असं त्यांनी मनाशी म्हटलं. चार दिवसांनीही तेच. कमी पडलं असेल म्हणून त्यांनी आणखी एक हात दिला. मग आणखी एक. आठवडे गेले. मिस्त्रींनी फोनवर विचारलं की ते 'हवा ओली आहे' म्हणून वेळ मारून नेत. धूळ बसू लागली, मुंग्या आल्या. धूळ बसू नये म्हणून अण्णांनी वर वर्तमानपत्र टाकलं, तर दुसऱ्या दिवशी तांबूस लाकडावर साखर कारखान्याच्या वार्षिक सभेची नोटीस उलट्या अक्षरांत उमटलेली. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' एवढं आरशात धरलं तर स्वच्छ वाचता येत होतं.

गुणमालाबाई वर कपडे वाळत घालायला आल्या, त्यांनी वास घेतला आणि रिकामी बाटली उचलून वाचली. त्यांची दृष्टी चांगली होती.

"आवं, हे कानात घालायचं तेल आहे."

अण्णांनी बाटली घेऊन डोळ्यांजवळ धरली.

"बरा झाला का मग तिचा कान?"

अण्णा खाली येऊन खुर्चीत बसले. एका माणसाच्या बापाने मुलासाठी ठेवलेली फळी. ती आपण चार बाटल्या कानाच्या तेलात भिजवली. लाकूड वरून पुसता येतं, पण प्यालेलं तेल परत कसं ओकेल? त्यांना रात्रीचं जेवण नसायचंच, त्या दिवशी दुपारचंही गेलं नाही.

संध्याकाळी फोन आला. "वाळलं का?"

"वाळत आलंय," अण्णा म्हणाले.

पुढच्या दिवशी, "वाळलं का?" "थोडं राहिलंय." त्याच्या पुढच्या दिवशी अण्णांनी फोन गुणमालांना दिला आणि ते आंघोळीला गेलेत असं सांगायला लावलं. गुणमालांनी सांगितलं, पण फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "संध्याकाळच्या सहाला आंघोळ. त्यांना काय वाटलं असेल? तुम्ही जाऊन सांगून का टाकत नाही? मारतील का ते?"

"मारलं तर बरं होईल," अण्णा म्हणाले.

जैनांच्या दशलक्षण पर्वातले गुणमालांचे उपवास संपले, आणि त्यानंतरच्या सोमवारी मिस्त्रींनी फोनवर स्वतःच विषय काढला. "अण्णा, माझं काय आता मिरजेला लवकर येणं व्हत न्हाई. दम लागतोय. पण फळीला एकदा हात लावायचा हाय. घेऊन या की इकडं."

आता लपायला जागा उरली नव्हती. अण्णांनी गिटारचं अंग गुणमालांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि साताऱ्याची एसटी धरली. मांडीवर ते गाठोडं. कराडच्या पुढे कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पोराचं अर्धं तिकीट काढलं का?" अण्णांनी कसनुसं हसून गाठोडं आणखी जवळ घेतलं. लुगड्याला तेलाचा डाग पडलेला होता. सांगायचं कसं, याची वाक्यं ते मनात जुळवत होते. पहिलं वाक्य जमायचं, दुसरं जमायचं नाही.

समीनाचं घर एका चढावर होतं. मिस्त्री ओट्यावर बाजेवर बसलेले, मागे दोन उशा. वाळले होते. अण्णांना पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि तेच अण्णांना सोसवेना. चहापाणी व्हायच्या आत त्यांनी गाठोडं बाजेवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मिस्त्री, मी घाण केलीय."

मिस्त्रींनी लुगडं सोडलं. डोळ्यांपेक्षा त्यांचा बोटांवर भरवसा. तळहात लाकडावरून एकदा फिरवला, बोटं एकमेकांवर चोळली, आणि मग बोटं नाकाशी नेली. तिथेच थांबले. अण्णा उभेच होते.

"हे बिल्व तेल हाय," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही बेलतेल म्हणालात. मला वाटलं बेलाचं."

मिस्त्रींनी परत वास घेतला. "समीना, हिकडं ये. वास घे." समीना पदराला हात पुसत आली, वाकली, आणि तिने बापाकडे पाहिलं. "अम्मीचं तेल."

मग मिस्त्रींनी सांगितलं. शाहजादी, त्यांची बायको. दोन थंड्या त्या दोघांनी पाचगणीला काढल्या, एका शाळेच्या मागच्या खोलीत. तिथल्या वाऱ्याने तिचा कान जो दुखायला लागला तो कायमचा. रोज झोपायच्या आधी मिस्त्री चमच्यात हे तेल कोमट करायचे आणि दोन थेंब सोडायचे. ती गेल्यापासून हा वास घरात आला नव्हता.

"म्हंजे तुमी गिटारच्या कानात तेल घातलंसा," ते म्हणाले, आणि त्यांच्या छातीतून काहीतरी वर आलं. खोकला असावा असं वाटून अण्णा पुढे झाले, पण ते हसणं होतं. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता परत हसू. समीनाने पाणी आणलं. "आवं, खुंट्या पिळतात म्हंजे कानच पिळतात की वाद्याचा. बरोबर जागी घातलंय. निस्तं बाटली चुकली." डोळे पुसत त्यांनी अण्णांना हाताला धरून बाजेवर बसवलं. "बेलतेल म्हंजे जवसाचं उकळलेलं तेल, गड्या. रंगाच्या दुकानात मिळतंय. त्याचा बेलाशी काय संबंध, ते कुणाला ठाऊक. मी बी कवा इचारलं न्हाई."

"फळी गेली का?"

"ते मला बी ठाऊक न्हाई. तीळ काय वाळत नसतोय, जन्मभर. तेल पेलेलं लाकूड मी पयल्यांदाच बघतोय. टर्पेंटाइननं वरचं निघंल. आतलं..." त्यांनी हात हलवला.

अण्णांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मिस्त्रींना सगळं माहीत असतं असं ते धरून चालले होते. पण विचित्र म्हणजे, सांगून झाल्यावर त्यांना पहिल्यांदाच भूक लागली.

उपाय सुचला समीनाला. "मुलतानी माती लावून बघा की, अब्बा. चेहऱ्यावरचं तेल ओढती, लाकडावरचं का नाही ओढणार?"

बापाने लेकीकडे पाहिलं. "आण."

दोघा म्हाताऱ्यांनी ओट्यावर पाट मांडला. आधी टर्पेंटाइनने रगडून पुसलं, साखर कारखान्याची नोटीस त्यातच गेली. मग मुलतानी माती टर्पेंटाइनमध्येच कालवून पिठल्यासारखी केली आणि गिटारच्या अंगाला दोन्ही बाजूंनी थापली. वरून प्लॅस्टिक. मिस्त्रींचा हात थरथरत होता म्हणून थापायचं काम अण्णांचं, आणि "हितं राहिलंय, तितं राहिलंय" म्हणायचं काम मिस्त्रींचं. शेजारची एक बाई जिन्यावरून म्हणाली, "कुणाचं फेशियल चाललंय, मोहिद्दीनचाचा?"

"नवरीचं," मिस्त्री म्हणाले.

सकाळपर्यंत थांबायचं ठरलं. म्हणजे अण्णांना मुक्काम करावा लागणार. परक्याच्या घरी राहायची त्यांना सवय नव्हती, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे जेवण. ते दिवस बुडायच्या आत जेवायचे, कांदा-बटाटा खायचे नाहीत, आणि हे कोणाला सांगायचं म्हणजे त्यांना मरणाहून कठीण. बाहेर जाऊन केळी खाऊन यावं असा विचार करत ते चप्पल शोधू लागले, तोवर समीनाने ताट वाढून आणलं. उन्हं अजून भिंतीवर होती. ज्वारीची भाकरी, बिनकांद्याची दोडक्याची भाजी, ताक.

"अब्बांनी दुपारीच सांगितलं, अण्णा सूर्य असताना जेवतात. कांदा नको, बटाटा नको. पातेलं पण नवीन काढलंय."

अण्णांनी मिस्त्रींकडे पाहिलं. "मी तुम्हाला कधी सांगितलं?"

"सांगताय कशाला? मिरजेला पायरीवर बसायचा, वडापाव आला की हात मागं. दिवेलागणीला चहा आला की कप माझ्याकडं सारायचा. मला काय दिसत न्हाई व्हय?"

अण्णा जेवले. त्यांना पोटभर जेवण गेलं. जेवताना त्यांच्या मनात आलं की या माणसाला आपलं खाणंपिणं ठाऊक आहे, आणि आपण त्याला त्याच्या बायकोचं नावही आज विचारलं. तेही आपण नाही विचारलं, तेलाने विचारलं.

सकाळी माती सुकून तडकली होती. अण्णांनी जुन्या टूथब्रशने ती झाडली. खालून लाकूड निघालं ते फिकट, कोरडं, आजारातून उठलेल्या माणसासारखं. झाडलेली माती तेलकट, काळपट. मिस्त्रींनी तळहात फिरवला, बोटं चोळली. परत फिरवला.

"आलं भायेर," ते म्हणाले.

अण्णा जिन्याच्या पायरीवर बसले. खूप लांबून चालत येऊन घराची कडी दिसावी तसं त्यांना झालं. आणखी एकदा माती थापली, आणि दुसऱ्या दिवशी ती उतरवली तेव्हा मातीलाही काही लागलं नाही. फक्त पिकअप बसवायच्या खोबणीत, जिथे माती नीट गेली नव्हती, तिथे वास राहिला होता. अण्णा काडीला कापूस लावून तो काढू लागले.

"तेवढा राहू द्या," मिस्त्री म्हणाले. "झाकणाखाली जातोय. कुणाला दिसतोय?"

अण्णांनी काडी ठेवली.

मग ते खाली रस्त्यावर हार्डवेअरच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुकानात शिरता शिरता खणखणीत आवाजात मागितलं, "बेलतेल द्या. लाकडाला लावायचं. कानाला नाही." दुकानदाराने मान वर न करता पत्र्याचा डबा पुढे सरकवला.

पहिला हात ओट्यावरच दिला. मिस्त्रींच्या जुन्या लुंगीचा तुकडा, त्यावर तेल, रेघेच्या दिशेने. पाव तास थांबायचं आणि कोरड्या तुकड्याने सगळं पुसून घ्यायचं. काही उरता कामा नये. "लाकडाला जेवढं पायजे तेवढं त्यानं घेतलंय. वरचं राहिलेलं पुसा. राहिलं की चिकटतंय." तुनाचा तांबडा रंग आतून वर आला. नदीच्या पाण्यासारखी ती रेघ हलतेय असं वाटत होतं.

पुसून झाल्यावर अण्णांनी चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तसे मिस्त्री पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. "गोळा करू नका त्या. पाण्यात टाका आधी. बादलीत." आणि मग खालच्या आवाजात सांगितलं. कारखान्यात असताना एका शनिवारी बेलतेलाच्या चिंध्यांचा बोळा त्यांनीच खोक्यात टाकला होता. ह्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापतात, काडी लागत नाही. रविवारी खोलीतून धूर आला. माणूस कोणी नव्हतं, पण पॉलिशला आलेल्या बारा खुर्च्या गेल्या. मालकाने काढून टाकलं नाही, त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं. "तवापासनं माझ्या डोक्यात तेवढंच ऱ्हातंय. नमाजाला उभा राहिलो तरी आधी आठवतोय, चिंधी पाण्यात टाकली का."

पुढचे हात अण्णांनी सांगलीला येऊन दिले. प्रत्येक वेळी संध्याकाळी फोन. वाळलं का? वाळलं. हाताला लागतंय का? नाही. आता अण्णांना आंघोळीला जावं लागत नव्हतं. शेवटच्या हातानंतर त्यांनी मुद्दाम वर्तमानपत्र टाकून एक दिवस ठेवलं. काहीच उमटलं नाही.

दिवाळीत प्रीती आली. तारा चढवल्या, वायर जोडली. पहिला आवाज घुमला तशी गुणमालांच्या हातातली करंजी थांबली. प्रीतीने फोन समोर ठेवून साताऱ्याला ऐकवलं. मग मिस्त्री म्हणाले, "तिसरी तार जरा उतरलीय. बाकी ब्येस हाय." प्रीतीने तपासलं. खरोखरच उतरली होती. गिटार आता तिच्याकडे पुण्याला असते. झाकण उघडलं की आत अजून तो वास येतो, असं ती सांगते. तिला वाटतं तो लाकडाचाच आहे.

डब्यात निम्मं तेल उरलं होतं. थंडी सरत आली तेव्हा एका संध्याकाळी अण्णा अंगणात बसून गुणमालांचे जेवणाचे पाट तेलाने पुसत होते, आणि नेहमीच्या वेळी फोन वाजला. मिस्त्रींचा आवाज बारीक झाला होता, पण चेष्टेत फरक नव्हता.

"काय चाललंय अण्णा?"

"पाटांना बेलतेल लावतोय."

"कानाचं का?"

"नाही, हार्डवेअरचं."

"जेवलासा?"

"जेवलो. तुम्ही?"

"समीना वाढतीय आता. चिंधी पाण्यात टाकली का?"

"ही टाकतोच आता."

"टाका. ठेवतो मग."

"ठेवा."